लेखनाच्या तासाचा डिजिटल पोर्टफोलिओ: शिक्षकांचं ट्रेनिंग कसं घ्यायचं

केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत तुम्हाला दोन तास मिळालेत आणि विषय आलाय 'लेखनासाठी डिजिटल पोर्टफोलिओ', तर आधी एक करा, पीपीटी घरीच ठेवा. समोर बसलेल्यांच्या डोक्यात एकच चाललेलं असतं की आता अजून एक लिंक येणार, अजून एक माहिती भरायची, तीही आजच सायंकाळपर्यंत. त्यांचं काही चुकत नाही. त्यामुळे अ‍ॅपचं नावसुद्धा पहिल्या तासात काढायचं नाही.

पहिल्या तासात सगळ्यांना लिहायला लावा. कोरा कागद द्यायचा, विषय साधा, 'माझ्या शाळेची वाट', सात-आठ ओळी, दहा मिनिटं. कुरकुर होईल, कोणीतरी म्हणेल सर आम्हाला कशाला, होऊ दे. मग कागद शेजारच्याला द्यायचा आणि शेजारच्याने शेरा न देता फक्त एक प्रश्न विचारायचा, म्हणजे 'ओढ्याला पाणी असतं तेव्हा तुम्ही कसे जाता?' असा. त्या प्रश्नाचं उत्तर आत येईल असं पुन्हा लिहायचं. शेवटी दोन ओळी स्वतःबद्दल, काय बदललं आणि का बदललं. पहिला मसुदा, दुसरा मसुदा आणि त्या दोन ओळी, झाला पोर्टफोलिओ. आता तो प्रत्येकाच्या हातात आहे, समजावून सांगायची गरज उरत नाही.

हे एवढ्यासाठी की आपल्याकडे २०१० पासून आकारिक मूल्यमापन, म्हणजे मूल शिकत असतानाच वर्षभर होणारं मूल्यमापन, आलं आणि त्यासोबत मुलांच्या संचिकाही आल्या, पण बऱ्याच ठिकाणी संचिका म्हणजे कपाटातल्या फायली, चांगल्या अक्षरातली पानं, वर चिकटवलेली फुलं. तपासणीला दाखवायला बरं. तेच आता मोबाईलवर चढवलं तर काय फरक पडणार? नवीन शैक्षणिक धोरण २०२० मध्ये समग्र प्रगती पत्रकाची जी कल्पना आहे तिच्यात पोर्टफोलिओ आहे आणि मुलाने स्वतःचं केलेलं मूल्यमापनही आहे, म्हणजे मूल स्वतः काय म्हणतं ते यायला हवं. खोडाखोड केलेलं पहिलं पान नसेल तर मूल म्हणणार तरी कशाबद्दल.

यानंतर ज्याला सगळ्यात जास्त वेळ द्यायचा ते म्हणजे प्रतिसाद लिहिणं. दहावीच्या कुमारभारतीच्या, म्हणजे मराठीच्या, ८० गुणांच्या पेपरात उपयोजित लेखनाला (पत्र, बातमी, जाहिरात असं लेखन) २४ गुण आहेत, त्यामुळे पत्र घेतलं की हायस्कूलवाले सर-मॅडमही कान टवकारतात. नाव नसलेलं एक पत्र सगळ्यांना द्या, तुम्हीच तयार केलेलं चालेल: 'मा. व्यवस्थापक, रोपवाटिका. आमच्या शाळेत वृक्षारोपण आहे तरी आम्हाला चांगली रोपे पाठवावी ही नम्र विनंती.' आणि म्हणा यावर शेरा लिहा. बहुतेक कागदांवर 'छान', 'अक्षर सुधार', 'मुद्दे वाढव' हेच येईल. मग विचारा, हे पत्र त्या रोपवाटिकावाल्याच्या हातात पडलं तर तो गाडीत काय भरेल? किती रोपं, कसली, कोणत्या तारखेला, पैसे कोण देणार, यातलं काहीच पत्रात नाही. आता पुन्हा शेरा लिहायला सांगा. यावेळी 'किती रोपं हवीत ते सांगितलंस का?' असं काहीतरी येईल, आणि हा शेरा वाचून मूल दुसरा मसुदा लिहू शकतं, 'मुद्दे वाढव' वाचून नाही. शुद्धलेखनाच्या सगळ्या चुका पहिल्याच मसुद्यात लाल करायच्या नाहीत यावर वाद होतो, होऊ द्या, पण माझं मत पक्कं आहे, ते काम शेवटच्या मसुद्याला.

आता मोबाईल काढायचा. गूगल ड्राइव्ह बहुतेकांच्या फोनमध्ये असतंच, त्यातल्या अधिकच्या चिन्हावर स्कॅन आहे, वहीचं पान सरळ पीडीएफ होतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो चढवू नका, तो दाबला जातो आणि पेन्सिलचं अक्षर पार पुसट होतं. पत्र्याच्या वर्गात नेट नसेल तर फोटो काढून ठेवा, घरी गेल्यावर चढवा. प्रत्येक मुलाचं एक फोल्डर, नाव हजेरी क्रमांकाने, ०१, ०२ असं, नुसतं १ नाही. फाईलला 'पत्र मसुदा १' एवढं पुरे. जागेची काळजी सगळेच काढतात, तर हिशोब फळ्यावर मांडा: पानाला एक एमबी धरलं तरी ४० मुलांची वर्षाला १०-१० पानं म्हणजे ४०० एमबी, आणि फुकटात मिळतात १५ जीबी. मात्र त्यातच जीमेल आणि फोटोही येतात, म्हणून स्वतःच्या खात्यावर हे करायचंच नाही.

टायपिंगचा कंटाळा असेल तर जीबोर्डचा (गूगलच्या कीबोर्डचा) माईक दाबून मराठीत बोला, शेरा आपोआप टाईप होतो, फक्त विरामचिन्हं एकदा बघून घ्या. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर लॅब खरोखर चालू आहे त्यांनी मुलांना गूगल डॉक्समध्ये लिहू द्यावं, व्हर्जन हिस्टरीत आधीचं सगळं राहतं. बाकीच्यांनी वहीच वापरा, वही उत्तम आहे.

एक गोष्ट ट्रेनिंगमध्ये घाईत राहून जाते. मुलं निबंधात घरचं लिहितात, बाबा पिऊन येतात, आई ऊसतोडीला गेलीय. असं पान पालकांच्या ग्रुपवर गेलं तर त्या पोराचं काय होईल याचा विचार करा. शेअरिंग 'रिस्ट्रिक्टेड' ठेवा, लिंक असलेल्या कोणालाही दिसेल असं नको, आणि हे सेटिंग प्रत्येकाकडून तिथेच करून घ्या. डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते, तेव्हा पालकसभेत विषय मांडून सह्या घेतलेल्या बऱ्या. आणि पोर्टफोलिओत कोणतं पान जाणार ते मुलाने निवडायचं, सरांनी नाही.

पुढच्या परिषदेला प्रत्येकाने एकाच मुलाचे दोन मसुदे आणि आपला शेरा घेऊन यायचं, एवढाच गृहपाठ. जोड्या लावताना फोन सराईत चालवणारा नवा शिक्षक आणि लेखन शिकवण्यात मुरलेल्या जुन्या बाई अशा लावा, दोघांनाही एकमेकांची गरज पडते. केंद्रप्रमुखांना आधीच भेटून सांगा की साहेब फाईली किती झाल्या ते विचारू नका, एखादी उघडून वाचा. आकडा मागितला की त्याच आठवड्यात रिकाम्या फोल्डरांचा ढीग येतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

आणि खातं शाळेच्या नावाने वेगळं काढा, रिकव्हरीचा नंबर मुख्याध्यापकांचा द्या. बदली झाली की चार्ज देताना कपाटाच्या चाव्यांसोबत पासवर्डही यादीत लिहून द्यायचा, म्हणजे जूनमध्ये येणाऱ्या नव्या बाईंना चौथीतल्या पोराचं तिसरीतलं पहिलं पत्र उघडून बघता येतं.