सेकिरोत दबकत कसं जावं: पहिल्या सेनापतीला गाठताना

'सेकिरो: शॅडोज डाय ट्वाइस' हा फ्रॉमसॉफ्टवेअरचा गेम मार्च २०१९ मध्ये आला. काळ सेन्गोकू, म्हणजे सरदारांच्या आपसातल्या लढायांच्या जपानचा. गेनिचिरो अशिना हा वुल्फ नावाच्या शिनोबीचा, म्हणजे निन्जाचा, डावा हात छाटतो आणि वुल्फचा लहानगा धनी कुरो याला घेऊन जातो. हाताचा सूड आणि धन्याची सुटका, इथून खेळ सुरू होतो. हातात तलवार असल्यामुळे आपण सरळ भिडायला जातो आणि पहिल्या सेनापतीपाशीच अडकतो. नाओमोरी कावारादा त्याचं नाव. मी त्याच्यापुढे दोन संध्याकाळी मरत होतो, कारण वुल्फला मी सामुराईसारखा खेळवत होतो.

आधी वर चढा. प्लेस्टेशनवर एल२ दाबलं की छाटलेल्या हाताच्या जागी बसवलेल्या लाकडी हातातला आकडा सुटतो. जिथे हिरवं वर्तुळ दिसेल तिथे तो अडकतो. छपरावर पोचलात की काही करू नका, नुसतं बघा. शिपाई किती, कोण एकटा उभा आहे, कोणाची पाठ कोणाकडे आहे. हे अर्धं मिनिट वाया जात नाही.

मग एल३, म्हणजे डावी काडी, दाबून वाका. उंच गवतात वाकून गेलात की सहसा दिसत नाही. शत्रूच्या डोक्यावरच्या त्रिकोणावर नजर ठेवा. तो पिवळा भरू लागला म्हणजे संशय आलाय, लाल झाला म्हणजे तुम्ही सापडलात. पाठीमागून जवळ गेलात की अंगावर लाल ठिपका उमटतो. तेव्हाच आर१ दाबायचं, आधी नाही. वरून उडी मारतानाही हाच ठिपका दिसतो. सुरुवात कडेला एकट्या असलेल्यापासून करा. दोघं जवळजवळ असतील तर मातीच्या खापरीचा तुकडा फेकून एकाला बाजूला काढता येतं.

आता कावारादा. त्याच्या जिवाच्या पट्टीवर दोन लाल ठिपके असतात, म्हणजे त्याला दोनदा मारावं लागतं. आजूबाजूचे शिपाई आधी संपवा, त्याची पाठ वळेपर्यंत थांबा आणि मागून घाव घाला. एक ठिपका तिथेच जातो, अर्धी लढाई न लढताच होते. उरलेल्या अर्ध्यात मागे सरकत बसू नका. त्याचा वार अंगावर येतो त्या क्षणी एल१ दाबून तलवारीने परतवा. प्रत्येक परतवलेल्या वाराने वरची पॉश्चरची, म्हणजे त्याचा तोल किती ढळलाय ते दाखवणारी, पट्टी भरते. ती पूर्ण भरली की तोल जातो आणि शेवटचा घाव मिळतो. लाल कांजी (जपानी) अक्षर चमकलं तर मात्र नुसती आड तलवार चालत नाही. खालून फिरणाऱ्या वारावर उडी मारा, पकडायला आला तर दूर व्हा.

मध्येच सापडलात तर हट्टाने लढू नका. छपरावर जा, लांब पळा. काही वेळाने शिपाई शोध सोडून जागेवर परततात. शिपाई साफ केल्यावर शिल्पकाराच्या मूर्तीपाशी, म्हणजे खेळातल्या थांब्यापाशी, विश्रांती मात्र घेऊ नका. मेलेले सगळे शिपाई परत उभे राहतात आणि मेहनत पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

कावारादा पडला की प्रार्थनामाळेचा एक मणी मिळतो. असे चार जमले की मूर्तीपाशी जाऊन वुल्फचा जीव आणि पॉश्चर वाढवून घ्या. पुढे तेन्झेन यामाउची नावाचा दुसरा सेनापती लागेल. त्यालाही असंच, शिपायांपासून सुरुवात करून, मागून गाठा.