फॉलमधली पहिली क्लब हाइक: न्यू जर्सीत नव्याने आलेल्यांसाठी

ऑक्टोबर लागला की नवीन आलेल्यांचा प्रश्न ठरलेला: फॉल कलर्स बघायला कुठे जायचं? उत्तरही ठरलेलं. शनिवारी हडसन नदीकाठच्या बेअर माउंटनला गाडी घालायची, पार्किंगच्या रांगेत तासभर बसायचं, तळ्याकाठी फोटो काढून परतायचं. कोलंबस डेच्या लाँग वीकेंडला तर तिथे दादरची संध्याकाळ असते. माझा सल्ला वेगळा आहे. एखाद्या ट्रेल क्लबच्या हाइकला नाव द्या. आपल्याच तीस जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपबरोबर बेअर माउंटनशेजारच्या हॅरिमन स्टेट पार्कच्या जंगलात शिरण्याआधी तर नक्कीच द्या, कारण इथली वाट, इथला ऑक्टोबर आणि इथली शिस्त क्लबबरोबर आयती शिकायला मिळते.

क्लब शोधायला फार हिंडावं लागत नाही. न्यूयॉर्क-न्यू जर्सी ट्रेल कॉन्फरन्स ही 1920 साली स्थापन झालेली संस्था. दोन हजार मैलांहून जास्त पायवाटांची देखभाल तिचे स्वयंसेवक करतात आणि परिसरातले बरेच क्लब तिच्याशी जोडलेले आहेत. ॲपलाचियन माउंटन क्लब त्याहून जुना, 1876 चा. त्याच्याही हाइक या भागात असतात. बऱ्याच क्लबांच्या साध्या हाइकना सभासद नसलेलेही चालतात. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: लीडर स्वयंसेवक असतो, पैसे घेऊन नेणारा गाइड नव्हे. पाणी, बूट, जेवण, तब्येत ही सगळी तुमची जबाबदारी, आणि सुरुवातीला तसं लिहिलेल्या कागदावर सही घेतात.

नाव देण्याआधी माहिती नीट वाचा. मैलांचा आकडा फसवा असतो, चढाईचा बघा. डेलावेअर वॉटर गॅपजवळच्या माउंट टॅमनीची चक्कर सगळी मिळून साडेतीन-चार मैलांची. ऐकायला किरकोळ वाटते. पण रेड डॉट ट्रेलने जाताना जेमतेम दीड मैलात सुमारे 1,200 फूट चढायचं असतं, तेही दगडांवरून. उलट हॅरिमनमध्ये सहा मैलांची निवांत हाइकही मिळते. ‘मॉडरेट’ या शब्दावर तर अजिबात विसंबू नका, प्रत्येक क्लबाचं मॉडरेट वेगळं असतं. पहिली हाइक झेपेल त्याहून एक पायरी सोपीच घ्या. लीडर फोनवर किंवा ईमेलवर विचारेल, अलीकडे काय चाललात? त्यात अपमान वाटून घेऊ नका. कॉलेजात असताना कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड केला होता हे ‘अलीकडे’त बसत नाही. खरं सांगितलंत तर तो स्वतःच सोपी हाइक सुचवतो.

नऊची वेळ म्हणजे नऊला बूट बांधून चालायला सुरुवात. नऊला पार्किंगमध्ये गाडी वळवणं नव्हे. पाच-दहा मिनिटं थांबून मंडळी निघतात, मागे कुणी माणूस ठेवत नाहीत. यायचं रद्द झालं तर आदल्या रात्रीच कळवा. काही हाइकना माणसांची मर्यादा असते आणि तुमच्या जागेवर दुसरा येऊ शकला असता. आई-बाबा इथे आलेले असतील तर त्यांना न विचारता बरोबर नेऊ नका. आधी लीडरशी बोला, सपाट वाटेची हाइक तो नक्की सांगेल.

वाटेवर लीडर सगळ्यात पुढे, आणि ‘स्वीप’ म्हणजे शेवटचा माणूस सगळ्यात मागे. या दोघांच्या मध्ये राहायचं. लीडरला मागे टाकून धावायचं नाही आणि स्वीपच्या मागे रेंगाळायचं नाही. झाडीत ‘जाऊन यायचं’ असेल तर स्वीपला सांगा आणि पाठपिशवी वाटेच्या कडेला ठेवून जा. पिशवी दिसली की माणूस आसपास आहे हे कळतं. फोटोसाठी वाटेवरून बाजूला व्हा. मध्येच घरी निघायचं असेल तर लीडरला सांगितल्याशिवाय निघू नका, नाहीतर मागे सगळेजण तुम्हाला शोधत बसतात.

झाडांवर रंगाचे आयताकृती पट्टे असतात, त्यांना ब्लेझ म्हणतात. एक पट्टा म्हणजे चालत राहा. एकावर एक दोन म्हणजे वळण, आणि वरचा पट्टा ज्या बाजूला सरकलेला असेल तिकडे वळायचं. तीन पट्ट्यांचा त्रिकोण म्हणजे वाटेची सुरुवात किंवा शेवट. पांढरे पट्टे ॲपलाचियन ट्रेलचे, म्हणजे पूर्व अमेरिकेतल्या डोंगरांतून जाणाऱ्या लांबलचक पायवाटेचे. त्या वाटेचा पहिला टप्पा 1923 साली बेअर माउंटन-हॅरिमन भागातच खुला झाला. फॉलमध्ये या पट्ट्यांचं महत्त्व दुप्पट होतं, कारण पानगळीने जमिनीवरची पायवाट पार झाकून जाते आणि जंगलात सगळीकडेच वाट असल्यासारखं दिसतं. हॅरिमनमध्ये बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते. लीडर असला तरी नकाशा आधी उतरवून घ्या आणि मधूनमधून आपण कुठे आहोत ते बघत चला.

ती सुंदर पानंच उतारावर घात करतात. ओल्या पानांखाली दगड आहे, मूळ आहे की खड्डा, काही कळत नाही. ओकची फळं वाटेवर पडलेली असतात, त्यांच्यावरून पाय सर्रकन घसरतो. सह्याद्रीतल्या घसाऱ्याची सवय इथे कामी येते: पाऊल छोटं, वजन पायावर, काठी असेल तर ती पुढे. जीन्स घालू नका. घामाने किंवा पावसाने भिजली की वाळत नाही आणि माथ्यावरच्या वाऱ्यात हुडहुडी भरते. पातळ कपड्यांचे दोन-तीन थर बरे, चढताना काढायचे, थांबलं की घालायचे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं आणि मग पाच वाजायच्या आतच सूर्य मावळतो. दुपारची हाइक असली तरी हेडलॅम्प पिशवीत हवाच.

थंडी पडली म्हणजे गोचिडी संपल्या असं समजू नका. लाइम रोग पसरवणाऱ्या हरणांवरच्या गोचिडींपैकी मोठ्या झालेल्या गोचिडी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चांगल्याच सक्रिय असतात. पँट मोज्यात खोचा, दिसायला कसंही दिसो. घरी आल्यावर अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, जांघेत आणि केसांत नीट तपासा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ वर ओढायची. तेल, पेटती काडी असले उपाय नकोत. पुढच्या काही आठवड्यांत चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरांना ‘गोचीड चावली होती’ हे सांगा.

याच दिवसांत शिकारीचा हंगामही असतो. स्टर्लिंग फॉरेस्टसारख्या ठिकाणी शिकारीला परवानगी आहे, म्हणून लीडर झगझगीत नारिंगी टोपी किंवा जॅकेट घालायला सांगतो. तपकिरी आणि पांढरे कपडे घरी ठेवा. इथल्या हरणाची शेपटी खालून पांढरीशुभ्र असते, शिकाऱ्याला लांबून तुम्ही हरीण वाटायला नको.

जेवायला डबा स्वतःचा न्यायचा. दशमी-चटणी उत्तम, थंड झाली तरी लागते. दिवाळीच्या आसपास चिवडा-चकल्या नेल्यात तर दोन मिनिटांत फस्त होतात, पण शेंगदाण्याचा लाडू पुढे करण्याआधी कुणाला नट ॲलर्जी आहे का ते विचारा. चिवड्यातही दाणे असतात. संत्र्याची सालंसुद्धा पिशवीतून परत आणायची. स्पीकरवर गाणी अजिबात नकोत.

गाडी नसेल तर अडत नाही. सिकॉकस स्टेशनला ट्रेन बदलून पोर्ट जर्व्हिस लाइनने हॅरिमनलगतच्या टक्सीडोला उतरा. रामापो-डंडरबर्ग ट्रेल त्या गावातूनच सुरू होते. वीकेंडला ट्रेन कमी असतात, परतीची वेळ आधी बघून ठेवा. कुणी कारमधून नेलं तर पेट्रोल आणि टोलचा वाटा न मागता पुढे करा.

दोन-तीन हाइकनंतर त्याच क्लबाच्या वाट दुरुस्तीच्या दिवशी जाऊन बघा. फॉलमध्ये पाणी वाहून जायच्या चरांतली पानं काढायची असतात, आडवी आलेली झुडपं छाटायची असतात. काम शिकवतात, हत्यारं बहुधा त्यांचीच असतात. हातमोजे आणि डबा तेवढा आपला न्यायचा.