तक्रारीच्या तिकिटातून घुसणारी स्क्रिप्ट: आपला हेल्पडेस्क असा तपासा

इंदूरला सुदामानगरात आरओ आणि इन्व्हर्टर दुरुस्त करणारे छोटे दुकानही आता तक्रारी वहीत लिहून घेत नाही. ग्राहक वेबसाइटवर फॉर्म भरतो, त्याला तिकीट नंबर मिळतो आणि काउंटरवरच्या ताई ते तिकीट उघडून मेकॅनिकला पाठवतात. यालाच हेल्पडेस्क म्हणतात. सोय उत्तम आहे. पण मालकाने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: फॉर्ममध्ये लिहिणारा कुणीही परका असू शकतो, आणि त्याने लिहिलेले उघडते ते आपल्या लॉगिन केलेल्या माणसाच्या ब्राउझरमध्ये.

सॉफ्टवेअरने तो मजकूर जसाच्या तसा पानावर उतरवला, तर त्यात दडवलेली स्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरने पाळायच्या आदेशांचा छोटा कोड, ब्राउझर आपलीच समजून चालवतो. ताईंना जे जे करता येते, ते सगळे मग त्या स्क्रिप्टलाही करता येते: ग्राहकांचे पत्ते आणि फोन वाचणे, दुकानाच्या नावाने उत्तरे पाठवणे. तिकीट अ‍ॅडमिनने उघडले, तर नवा अ‍ॅडमिनही तयार करता येतो. या दोषाला क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग म्हणतात.

एप्रिल २०१० मध्ये मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनला याचा फटका बसला. त्यांच्या जिरा या तक्रार-नोंदणीच्या प्रणालीत कुणीतरी साधीशी तक्रार टाकली: काही प्रोजेक्ट पाहताना एरर येते, आणि पुढे एक आखूड लिंक. ती लिंक जिराच्याच सदोष पानावर नेऊन उघडणाऱ्याचे सेशन (चालू लॉगिनची ओळख) चोरत होती. काही अ‍ॅडमिननी ती उघडली. त्याच वेळी पासवर्ड ओळखण्याचा माराही चालू होता. दोन्हींपैकी एका वाटेने जिराचे अ‍ॅडमिन हक्क हल्लेखोरांच्या हाती गेले.

तपासणी

ही चाचणी फक्त स्वतःच्या हेल्पडेस्कवर करा. दुसऱ्याच्या यंत्रणेत परवानगीशिवाय हात घातलात, तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० आड येतो.

ग्राहक म्हणून नवे तिकीट भरा. विषयाच्या रकान्यात टोकदार कंसात इंग्रजी बी हे अक्षर लिहा. हे कंस स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या बटणांवर शिफ्ट धरून उमटतात. पुढे ‘चाचणी’ लिहा आणि मग पुन्हा कंसात तिरकी रेघ (/) व बी. ही ठळक अक्षरांची खूण आहे, तिने काहीही बिघडत नाही. आता एजंटच्या, म्हणजे तिकिटे हाताळणाऱ्या ताईंच्या, लॉगिनने तिकीट उघडा. कंस जसेच्या तसे दिसले, तर त्या जागी ठीक आहे. कंस गायब होऊन ‘चाचणी’ ठळक दिसली, तर दोष आहे असे समजा.

इथे घाई करू नका. एकच मजकूर अनेक पडद्यांवर जातो आणि चूक बहुधा कोपऱ्यातल्या पडद्यावर सापडते. तिकिटांची यादी, शोधाचे निकाल, प्रिंटचे पान, महिन्याचा रिपोर्ट, मेकॅनिकला जाणारा ईमेल, सगळे उघडून पाहा. मग हीच खूण नाव, पत्ता आणि फोन या रकान्यांतही घाला. ईमेलवरून तिकीट बनत असेल, तर ईमेलच्या विषयातही. जोडलेल्या फाइलच्या नावातही ती चालते, पण विंडोज असे नाव ठेवू देत नाही. लिनक्सवरून करावे लागेल, आणि तिथेही नावात तिरकी रेघ चालत नाही, म्हणून फक्त सुरुवातीची खूण घाला. एसव्हीजी या प्रकारच्या चित्रफाइलीत स्क्रिप्ट मावते, म्हणून ती फाइल स्वीकारायचीच नाही हे बरे.

दुरुस्ती

सॉफ्टवेअर तयार घेतलेले असेल, तर आधी ताजी आवृत्ती बसवा. सुरक्षेचे दोष कळले की ते नव्या आवृत्तीत दुरुस्त होतात. वर्षानुवर्षे तसेच पडलेले हेल्पडेस्क मात्र उघडेच राहते.

कुणाकडून बनवून घेतले असेल, तर त्याला स्पष्ट सांगा: मजकूर पानावर उतरवताना त्यातली खास चिन्हे निष्प्रभ झाली पाहिजेत. ‘स्क्रिप्ट हा शब्द आला की आम्ही काढून टाकतो’ हे उत्तर मान्य करू नका. न सापडणाऱ्या चित्राच्या टॅगला (पानावर चित्र मागवणारी, कंसातली खूण) ऑनएरर, म्हणजे ‘चित्र मिळाले नाही तर हे कर’ ही सूचना, जोडले, की तो शब्द न लिहिताही कोड चालतो. शिवाय अशी कापाकापी खऱ्या ग्राहकालाच नडते. ‘टीडीएस (पाण्यातले क्षार) ५० पेक्षा कमी हवा’ असे ‘पेक्षा कमी’चे चिन्ह, म्हणजे तोच टोकदार कंस, वापरून लिहिणाऱ्याची पुढची अख्खी तक्रार काही सॉफ्टवेअरमध्ये गायब होते. ठळक-तिरकी अक्षरे चालू ठेवायचीच असतील, तर मजकुरातला धोकादायक भाग गाळणारी, डीओएमप्युरिफायसारखी नावाजलेली लायब्ररी (तयार कोड) वापरायला सांगा.

सेशनच्या कुकीला (ब्राउझरमधली लॉगिनची नोंद) एचटीटीपी-ओन्ली लावून घ्या, म्हणजे स्क्रिप्टला ती वाचता येत नाही, आणि पानावर कुठल्या स्क्रिप्ट चालाव्यात ते ठरवणारी कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी बसवून घ्या. या दोन्ही आधाराच्या गोष्टी आहेत, मूळ दुरुस्तीला पर्याय नव्हेत: कुकी चोरता आली नाही तरी उघड्या पानावरची स्क्रिप्ट आपले काम उरकू शकते. आणि ताईंना अ‍ॅडमिनचे लॉगिन देऊ नका. रोजच्या तिकिटांसाठी एजंटचे हक्क भरपूर झाले.

संशयास्पद तिकीट आले तर

ते पुसू नका, पुरावा आहे. सर्वांची सेशन बंद करा, पासवर्ड बदला, अ‍ॅडमिनच्या यादीत अनोळखी नाव आहे का ते पाहा. घुसखोरी झाल्याचे दिसले, तर एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवावे लागते.