नवा ड्रमसेट घेताना या चुका टाळा: जोडलेला की खोक्यातला?

ड्रमसेट घ्यायला निघालेला माणूस दुकानात जोडून ठेवलेला सेट घ्यावा की बंद खोक्यातला सुटा, याच प्रश्नात अडकतो आणि नेमक्या बाकीच्या बाबी पाहायच्या राहून जातात. दुकान सोलापूरच्या नवी पेठेत असो किंवा खोकी थेट पुण्याहून मागवलेली असोत, जुळे सोलापुरातल्या दुसऱ्या मजल्यावर पोहोचण्यासाठी जोडलेला सेटही आधी सुटा करावाच लागतो, कारण २२ इंच व्यासाचा, पायाने वाजवायचा बेस ड्रम, तीन-चार स्टँड आणि झांजा हे सगळे उभ्या स्थितीत टेम्पोत नेणे म्हणजे प्रत्येक गतिरोधकाला एकेक ओरखडा स्वीकारणे होय. जोडणी शेवटी घेणाऱ्याच्याच हाती येते. त्यामुळे ‘जोडून मिळतो’ यासाठी जास्त पैसे मोजणे, ही मला पहिली चूक वाटते.

दुसरी चूक ‘फाइव्ह पीस’ या शब्दांनी होते. हा आकडा फक्त ड्रमचा असतो: बेस ड्रम, स्नेअर (खाली तारांची पट्टी असलेला ड्रम), दोन टॉम (लहान ड्रम) आणि एक फ्लोअर टॉम (जमिनीवर उभा राहणारा मोठा टॉम). झांजा, स्टँड, पेडल आणि बसायचे स्टूल त्यात मोजलेले नसते. ‘शेल पॅक’ असे लिहिलेल्या सेटमध्ये तर केवळ ड्रम येतात, काही वेळा स्नेअरही नसतो, आणि अशा सेटची कमी किंमत पाहून आनंदाने पैसे भरलेल्या माणसाला घरी आल्यावर कळते की हाय-हॅटचा (पायाने मिटणाऱ्या जोड झांजांचा) स्टँड, क्रॅश आणि राइड या झांजा यांचा खर्च पुढेच उभा आहे. म्हणून बिलावर ‘ड्रमसेट १ नग’ एवढेच न लिहून घेता प्रत्येक वस्तू वेगळी लिहून घ्यावी.

झांजांच्या बाबतीत थोडे थांबणे योग्य. सुरुवातीच्या स्वस्त सेटसोबत येणाऱ्या झांजा बहुधा पितळी असतात, तर चांगल्या झांजा काशाच्या, म्हणजे तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाच्या असतात. मधल्या किमतीत ९२ टक्के तांबे व ८ टक्के कथील, आणि वरच्या किमतीत ८० व २० असे प्रमाण आढळते. फरक समजण्यासाठी तज्ज्ञ असावे लागत नाही. घरातल्या काशाच्या वाटीवर आणि पितळी डब्यावर टिचकी मारून पाहावी; जो नाद लांबत जातो आणि जो मधेच बसतो, तोच भेद झांजेत ऐकू येतो. माझ्या मते पैसे कमी असतील तर ड्रम साधे घ्यावेत आणि झांजा चांगल्या घ्याव्यात, कारण साध्या ड्रमला चांगली हेड, म्हणजे ताणून लावायचे पडदे, बसवून व सुरात आणून पुष्कळ सुधारता येते, पितळी झांजेला मात्र काहीच करता येत नाही.

आता जोडलेल्या सेटविषयी. त्याचा एक खरा फायदा आहे: तो वाजवून पाहता येतो. पण काही महिने दुकानात उभा असलेला सेट येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने बडवलेला असतो, त्याची हेड दबलेली असतात आणि झांजांच्या कडांना बारीक चिरा असू शकतात. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या गाळ्यात ठेवलेल्या सेटला तो ताप अधिकच जाणवतो. अशा ठिकाणी शेलवर, म्हणजे ड्रमच्या पोकळ गोल सांगाड्यावर, चिकटवलेले रंगीत आवरण सांध्याजवळ सुटले आहे का, हे बोट फिरवून पाहावे. माझा सल्ला असा, की जोडलेला सेट ऐकावा आणि त्याच मॉडेलचा बंद खोक्यातला सेट घ्यावा, फक्त ते खोके दुकानदाराच्या समोरच उघडावे.

उघडताना वस्तू नव्हे, संख्या तपासावी. स्वस्त सेटची खोकी आकाराने फसवी असतात, कारण लहान टॉम फ्लोअर टॉमच्या पोटात आणि तो बेस ड्रमच्या पोटात ठेवलेला असतो. स्नेअरला एका बाजूला ८ बोल्ट असतील तर दोन्ही बाजूंचे मिळून १६ बोल्ट आणि तितकेच वॉशर हवेत. हाच हिशेब प्रत्येक ड्रमला लावावा. त्यानंतर प्रत्येक रिकामा शेल काचेवर किंवा ओट्याच्या ग्रॅनाइटवर पालथा ठेवून आत मोबाइलचा दिवा लावावा. कडेखालून एखाद्या ठिकाणी उजेडाची फट दिसली तर ती कड समतल नाही, आणि असा ड्रम कितीही आवळला तरी सुरात येत नाही. शेलचा व्यास टेपने दोन दिशांना मोजला तर तो गोल आहे की दबलेला, हेही तिथल्या तिथे कळते. नवे हेड शेलवर ठेवल्यावर बोटाने सहज फिरले पाहिजे. जोर लावून बसवावे लागत असेल तर तो शेल परत करावा.

जोडणीत माझ्या हातून झालेली चूक इथे सांगतो. स्नेअरला दोन हेड असतात आणि खालचे, ज्याला तारांची पट्टी लागते, ते अतिशय पातळ, जवळजवळ पारदर्शक असते. वरचे हेड साधारण पाव मिलिमीटर जाड असेल तर खालचे त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असते. मी पहिल्या सेटच्या वेळी घाईत ते वर चढवले आणि पहिल्याच ठोक्याला काठी आरपार गेली.

हेड चढवल्यावर सगळे बोल्ट आधी केवळ बोटांनी, मग चावीने अर्धा-अर्धा फेरा, आणि तेही शेजारचा बोल्ट न घेता समोरासमोरचा बोल्ट घेत आवळावेत. एकाच बाजूने आवळत गेल्यास हेड दाबून धरणारे कडे वाकडे बसते व हेडला सुरकुत्या पडतात. नवे हेड पहिल्या काही दिवसांत ताणले जाऊन ढिले होते, तो दोष नव्हे. पुन्हा सुरात आणावे.

झांज स्टँडवर लावताना दांड्यावरची प्लास्टिकची नळी आणि खाली-वर नमद्याच्या चकत्या आहेत याची खात्री करावी, कारण धातूवर धातू घासला की झांजेचे छिद्र लांबट होते आणि तिथून चीर निघते. वरचा नट घट्ट पिळू नये. झांज हलली पाहिजे. आडवी दांडी असलेला स्टँड पडत असेल तर त्याच्या तीन पायांपैकी एक पाय दांडीच्या दिशेने फिरवावा.

बेस ड्रम पुढे सरकतो ही आपल्याकडची सर्वांत सामान्य तक्रार आहे आणि तिचे कारण शहाबादी फरशी हे आहे. अनेक जण खाली सोलापुरी चादर घालतात, पण ती ड्रमसकट घसरते. तिथे मागून रबर असलेला जाड गालिचा हवा, आणि तो स्टुलाखालपर्यंत पोहोचला पाहिजे, म्हणजे वादकाच्या वजनाने तो जागेवर राहतो. ड्रमचे पुढचे दोन पाय असे लावावेत की पुढचे कडे जमिनीपासून किंचित उचललेले राहील. चादर वाया जात नाही: तिची घडी बेस ड्रमच्या आत दोन्ही हेडना हलकी टेकेल अशी ठेवली, की घुमणारा आवाज आटोपशीर होतो.

टॉम वाजवताना स्नेअरच्या तारा आपोआप झणझणतात, तो बिघाड नाही. स्नेअर मात्र स्वतःच कोरडा, दबलेला वाजत असेल तर तारांचा ताण कमी करून पाहावा. हाय-हॅट पायाने दाबल्यावर ‘चिक्’ असा आवाज न येता नुसती फस्स हवा निघत असेल, तर खालच्या झांजेच्या बैठकीखालचा लहान स्क्रू फिरवून ती झांज थोडी तिरपी करावी.

राहता राहिला शेजार. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे, आणि ड्रमसेट ती दिवसाही सहज ओलांडतो. चाळीत किंवा अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याने सेटच्या खर्चातच आवाज दाबणाऱ्या रबरी म्यूट पॅडचा एक संच धरावा आणि तोही त्याच बिलात लिहून घ्यावा.