उन्हाळ्यात गार हवेसाठी कुठे जावं? बेळगावकरांनी आधी उंची मोजावी

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. सुट्टीचं ठिकाण ठरवताना हा आकडा आधी डोक्यात हवा, कारण पुण्या-मुंबईकडे ‘थंड हवेचं ठिकाण’ म्हणून मिरवणारी बरीच गावं आपल्याच उंचीची, नाहीतर आपल्याहून खालची आहेत. लोणावळा सव्वासहाशे मीटरच्या आसपास, आंबोली सातशेच्या आतबाहेर, माथेरान जेमतेम आठशे. मुंबईचा माणूस घामाघूम होऊन तिथे चढतो आणि त्याला गार वाटतं. टिळकवाडीतून किंवा कँपातून निघालेल्याला वाटण्याचं काही कारण नाही.

हिशेब सोपा आहे. हजार मीटर चढलं की हवा ढोबळमानाने सहा अंशांनी उतरते. ठिकाणाच्या उंचीतून ७५० वजा करा, हजाराने भागा, सहाने गुणा. पन्हाळा ९७७ मीटर, म्हणजे फायदा सव्वा ते दीड अंश. मडिकेरी साडेअकराशेच्या आसपास, अडीच अंश. महाबळेश्वर साडेतेराशे, साडेतीन अंश. केम्मणगुंडी १,४३४, चार अंश. कोडाईकनाल एकवीसशे, आठ अंश. उटी २,२४०, नऊ अंश. अथणी, रायबाग, गोकाक भागातल्यांनी ७५० च्या जागी आपल्या गावाची उंची धरावी. तो भाग शहराच्या खाली असल्याने फायदा अंश-सव्वा अंश जास्त निघतो. शिवाय तिकडे पारा चाळिशीला टेकतो, त्यामुळे त्यांना पन्हाळासुद्धा बरा वाटेल. बेळगाव शहरातल्या माणसाने निव्वळ गारव्यासाठी हजार मीटरच्या खालचं ठिकाण यादीतून सरळ खोडावं.

हे गणित तीन ठिकाणी चुकतं. किनाऱ्यावर समुद्र दिवसाचा पारा फार चढू देत नाही, त्यामुळे गोव्यात मे महिन्यातही तो ३३-३४ च्या घरात राहतो आणि कागदावर बेळगावपेक्षा कमी दिसतो. पण हवेतल्या दमटपणामुळे घाम सुकत नाही आणि रात्रीसुद्धा पारा २६-२७ च्या खाली जात नाही. गोव्याला समुद्रासाठी जा, गारव्यासाठी नको. दुसरं, कूर्ग-चिकमगळूरकडे एप्रिलपासून वळवाच्या सरी येतात आणि झाडीही दाट, त्यामुळे तिथे गणितापेक्षा थोडं जास्तच गार असतं. तिसरं, हिमाचल. तिथल्या पायथ्याची मैदानं मे-जूनमध्ये चाळिशी ओलांडतात, म्हणून दीड हजार मीटरवरचं धरमशालासुद्धा तापतं. उत्तरेत गेलात तर दोन हजारांच्या वरच मुक्काम करा: शिमला, मनाली किंवा त्याहून वर.

आता दुपारच्या तापमानापेक्षा महत्त्वाची गोष्ट: रात्रीचं किमान. सुट्टीत दुपारी माणूस सावलीत असतो, पण रात्री पंख्याशिवाय झोप लागली तरच ‘गार होतं’ असं वाटतं. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर किंवा फोनवरच्या हवामान ॲपमध्ये त्या ठिकाणाचं आठवडाभराचं किमान तापमान बघा. अठराच्या खाली असेल तर अंगावर पांघरूण लागेल. बेळगावात एप्रिल-मेची रात्र आधीच २०-२१ वर येते आणि महाबळेश्वरची रात्र त्याहून फारशी वेगळी नसते. म्हणजे बेळगावच्या माणसाला महाबळेश्वरचा फायदा दुपारी बारा ते पाच या वेळेपुरता. उटीत मात्र याच दिवसांत रात्री ११-१२ अंश असतात. स्वेटर घरी ठेवून गेलेला माणूस पहिल्याच संध्याकाळी बाजारात महागडी शाल घेताना दिसतो.

एका दिवसाचीच सवड असेल तर जांबोटी-कणकुंबीचा रस्ता धरा, पण पहाटे पाचला निघून दहापर्यंत परत फिरायच्या बेताने. झाडीमुळे सकाळ सुंदर असते. बारानंतर तिथे आणि घरी फरक राहत नाही. धबधबे बघायला मात्र मे महिन्यात कुठेही जाऊ नका. वज्रपोहा, आंबोली, गोकाक, सगळीकडे काळे कातळ तेवढे दिसतात. आंबोली-चोर्ल्याची खरी मजा जूनच्या मध्यानंतर. दांडेलीला रिसॉर्टची जाहिरात बघून जाणारे पुष्कळ आहेत, पण ते गाव पावणेपाचशे मीटरच्या आसपास आहे. काळी नदीत डुंबायला ठीक, पण हवा बेळगावपेक्षा गरमच.

तीन-चार दिवस हातात असतील तर महाबळेश्वर की चिकमगळूर, एवढाच प्रश्न उरतो. याचं उत्तर कॅलेंडरमध्ये आहे आणि सीमाभागातल्या घरांना इथे एक फायदा आहे, जो फार कुणी वापरत नाही. कर्नाटकातल्या शाळा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुटतात आणि मे संपता संपता भरतात. महाराष्ट्रातल्या शाळांची सुट्टी साधारण मे उजाडला की सुरू होते आणि जूनच्या मध्यापर्यंत चालते. म्हणून महाबळेश्वर १५ ते ३० एप्रिलच्या दरम्यान उरकायचं, तेही सोमवार ते गुरुवार. तोवर पुण्या-मुंबईची मुलं परीक्षेत अडकलेली असतात, खोल्यांचे दर ताणलेले नसतात आणि स्ट्रॉबेरीचा शेवटचा बहर मिळून जातो. १ मेची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून आली की तिकडे फिरकूच नका. चिकमगळूर, कूर्ग, उटीला ही सोय नाही, कारण तिथली गर्दी बेंगळूरची, म्हणजे आपल्याच वेळापत्रकाची. तिथे आठवड्याचे मधले दिवस धरणं एवढंच हातात असतं.

महाबळेश्वर निपाणी-कोल्हापूर-साताऱ्यावरून पावणेतीनशे किलोमीटर, वाटेतल्या थांब्यांसह सहा-सात तास. साताऱ्याहून दोन वाटा आहेत. वाई-पसरणी घाट-पाचगणी हा नेहमीचा रस्ता, आणि मेढा-केळघर घाटातून थेट वर जाणारा दुसरा. गर्दीच्या दिवसांत पाचगणी ते महाबळेश्वर हे १९ किलोमीटरच दोन तास खातात, तेव्हा मेढ्याची वाट बरी. मुक्काम बाजारपेठेच्या जवळपास किंवा पठारावरच घ्या. ‘मिनी काश्मीर’ म्हणून तापोळ्याला खोली मिळते आणि दरही कमी असतो, पण तापोळा खाली शिवसागराच्या काठी, म्हणजे बेळगावपेक्षाही कमी उंचीवर आहे. दिवसा बोटीत बसून परत वर या.

चिकमगळूर शहर स्वतः १,१०० मीटरच्या आतच आहे आणि एप्रिलमध्ये दुपारी चांगलं तापतं. गारवा हवा तर खोली शहरात नको. मुळ्ळयनगिरी-बाबाबुडनगिरीच्या बाजूच्या कॉफीच्या मळ्यांत घ्या. मुळ्ळयनगिरी १,९३० मीटर, कर्नाटकातलं सगळ्यात उंच शिखर. केम्मणगुंडीला बागायत खात्याची राहण्याची सोय आहे, साधी पण जागा अव्वल. रेल्वेने जायचं तर हुबळी-बेंगळूर मार्गावरच्या कडूरला उतरा, पुढे चाळीसेक किलोमीटर बस किंवा टॅक्सी. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. जुन्या हिशेबाने चार महिने आधी बघून ‘गाडीच नाही’ असं समजू नका.

सहा-सात दिवस असतील तर उटी, कारण तिथला फरक खऱ्या अर्थाने अंगाला जाणवतो. बेळगावहून अंतर सहाशे किलोमीटरच्या वर, तेव्हा एका दिवसात गाडी रेटायची नाही. रात्री मैसूरला थांबा. मैसूरसुद्धा आपल्याच उंचीचं, तिथे पंखा लागणारच. पुढे बंडीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो, म्हणून संध्याकाळी मैसूर सोडण्याचा आचरटपणा करू नका. मसिनगुडीवरून कल्हट्टी घाट जवळचा, पण ३६ वळणांचा आणि खडा चढ. बाहेरच्या गाड्यांना त्या घाटाने खाली उतरूही देत नाहीत. गाडी भरलेली असेल किंवा मुलांना घाट लागत असेल तर गुडलूरची लांबची वाट घ्या.

मे २०२४ पासून मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने उटी आणि कोडाईकनालला खासगी गाडीसाठी ई-पास लागतो. २०२५ च्या हंगामात रोजच्या गाड्यांच्या संख्येवरही मर्यादा आली. पास फुकट असतो, पण आधी ऑनलाइन काढावा लागतो. तारीख ठरली की खोलीच्या आधी पास बघा, आणि त्या वर्षीचा नियम तमिळनाडू सरकारच्या संकेतस्थळावर ताडून घ्या. निलगिरी जिल्ह्यात प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांना बंदी आहे, तेव्हा घरच्या स्टीलच्या बाटल्या न्या. मे महिन्यात बोटॅनिकल गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं. त्या दिवसांत खोली मिळत नाही आणि मिळाली तर परवडत नाही. आमचं मत विचाराल तर मुक्काम कुन्नूरला करावा. साडेअठराशे मीटर, गारवा पुरेसा, गर्दी कमी, आणि निलगिरीच्या डोंगरी रेल्वेचं कुन्नूर-उटी तिकीट मेट्टुपाळयमपासूनच्या पूर्ण प्रवासापेक्षा सहज मिळतं.

खोली घेताना फोनवर चार गोष्टी विचारा. छत पत्र्याचं, स्लॅबचं की कौलारू? वरच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहापर्यंत आत उष्णता सोडत राहतो, मग बाहेर वारा गार असून काय उपयोग? खिडकी पश्चिमेला आहे का? पंखा आहे का? (उंचावर बऱ्याच जागी नसतो, तुमच्या तारखांना किमान वीसच्या वर दिसत असेल तर हट्टाने मागा.) गरम पाणी चोवीस तास की ठरावीक वेळेत? आणि मे असेल तर पाणी नळाचं की टँकरचं, हेही विचारून ठेवा.

मे अखेरीस केरळकडच्या डोंगरांत, म्हणजे मुन्नारला, जाणार असाल तर हवामान खात्याचा मान्सूनचा अंदाज बघितल्याशिवाय पैसे भरू नका. केरळात पाऊस साधारण १ जूनला पोचतो, कधी आठवडाभर आधीही. कूर्गात त्या सुमारास दुपारनंतर विजांसह सरी येतात, म्हणून फिरणं दुपारी दोनच्या आत संपवावं.

स्वतःची गाडी नेत असाल तर निघण्याआधी कूलंटची पातळी इंजिन थंड असताना बघा. लांब चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला तर एसी बंद करा. तरीही उतरला नाही तर बाजूला घेऊन थांबा आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, वाफ तोंडावर येते. उतारावर ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये, बहुधा दुसऱ्यात, उतरा. सतत ब्रेकवर पाय ठेवला की पॅड तापतात, जळका वास येतो आणि पायाखाली ब्रेक मऊ पडतो. असं झालं तर अर्धा तास थांबा. चाकावर पाणी ओतू नका; तापलेली डिस्क अचानक गार झाली तर वाकते.