दोन सिंथ, एक टेप : १९७८च्या ह्यूमन लीगसारखं गाणं घरी कसं बसवायचं

ह्यूमन लीग या इंग्लिश इलेक्ट्रॉनिक गटाचं ‘बीइंग बॉइल्ड’ हे गाणं जून १९७८ मध्ये एडिंबरोच्या फास्ट प्रॉडक्ट या छोट्या कंपनीने काढलं. रेकॉर्डिंग शेफील्डमधल्या एका बंद पडलेल्या कारखान्यात, घरगुती टेपरेकॉर्डरवर झालं. गटातले मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श नोकरीने कॉम्प्युटर ऑपरेटर. हाताशी कॉर्ग ७००एस आणि रोलँड सिस्टम १००. दोन्ही सिंथ (सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर तयार करणारी वाद्यं) एका वेळी एकच सूर काढणारे. गिटार नाही, ड्रम नाहीत. त्या गाण्याचा उघडावाघडा, जड आवाज या टंचाईतूनच आला. त्यामुळे तीच यंत्रं शोधत महागड्या जाहिराती चाळण्यात अर्थ नाही. टंचाई मात्र तशीच ठेवा.

लागणारं सामान : व्हाइट नॉइज (एकसारखा ‘श्श्श’ आवाज) देणारा एक मोनो (एकेरी सुराचा) सिंथ, बाससाठी दुसरा, किमान दोन ओळींचा स्टेप सीक्वेन्सर (घराघराने ठरवलेले सूर आपोआप वाजवणारं यंत्र) आणि दोन ट्रॅकचा टेपरेकॉर्डर. लॅपटॉपवर करणार असाल तर सॉफ्टवेअर सिंथ ‘मोनो’वर टाका, ट्रॅक दोनच उघडा आणि अनडूला हात लावू नका. खरे अ‍ॅनालॉग सिंथ वापरत असाल तर सुरू करून अर्धा तास तापू द्या. गार असताना लावलेला सूर वीस मिनिटांत सरकतो, आणि तोवर पहिला थर टेपवर गेलेला असतो. टेपच्या सुरुवातीला १० सेकंद ४४० हर्ट्झचा सूर भरून ठेवा. पुढचा प्रत्येक सिंथ त्या सुराला लावायचा, ट्यूनरला नाही. कारण टेपचा वेगही थोडा इकडेतिकडे होतो.

बहुतेकांचं गाडं अडतं ते सीक्वेन्सरपाशी. आधी ठेका भरू, मग सीक्वेन्सर हाताने सुरू करून बास भरू, असा बेत असतो. तो फसतो. पहिल्या वेळी वेग मिनिटाला १२० ठोके होता आणि दुसऱ्या वेळी १२०.२ झाला, तर तीन मिनिटांच्या शेवटी बास ०.३ सेकंद पुढे गेलेला असतो. उपाय एकच : सीक्वेन्सरवर चालणारं सगळं पहिल्याच थरात, एकदम भरा. बाकीचं हाताने वाजवा.

सिस्टम १००च्या मॉडेल १०४ सीक्वेन्सरमध्ये १२ घरांच्या दोन ओळी असतात. तुमचा कोणताही असो, आठ घरं वापरा. १२० वेगाला प्रत्येक घर २५० मिलिसेकंदांचं, म्हणजे चार ठोक्यांचं एक आवर्तन. बाराही घरं चालू ठेवली तर सम हलत राहते आणि तीन आवर्तनांनी परत जागेवर येते. ऐकायला मजेशीर आहे, पण गायकाचे हाल होतात.

पहिली ओळ बासच्या सुराला जोडा. बासचा गेट (सूर चालू राहण्याचा वेळ) घराच्या निम्मा, म्हणजे १२५ मिलिसेकंद ठेवा. पूर्ण लांबीचा ठेवला तर सूर एकमेकांना चिकटतात आणि ठेका दबतो.

दुसरी ओळ ठेक्यासाठी. नॉइज लो-पास फिल्टरमधून, म्हणजे वरच्या कंपनसंख्या गाळणाऱ्या भागातून, सोडा, रेझोनन्स (कटऑफपाशी आवाजाला येणारा उठाव) शिट्टी सुरू व्हायच्या जरा अलीकडे ठेवा आणि ही ओळ फिल्टरच्या कटऑफला (जिथून गाळणं सुरू होतं ती कंपनसंख्या) जोडा. आवाजाच्या एन्व्हलपला (ठोक्याचा चढ, उतार आणि टिकाव ठरवणारा भाग) अ‍ॅटॅक शून्य, डिके १५० मिलिसेकंद, सस्टेन शून्य. आता १ आणि ५ या घरांची खुंटी कटऑफ ६० हर्ट्झवर येईल इतकीच फिरवा : किक (जाड ‘धप्’ ठोका). घर ३ आणि ७ ला १.५ किलोहर्ट्झ : स्नेअर (कोरडा ‘ठक्’ ठोका). उरलेली घरं पार बंद. घर ६ ला आणखी एक किक दिली की ठेका लंगडल्यासारखा पुढे सरकतो, आणि तेच हवं असतं.

किक हमखास पुचाट निघते, कारण ६० हर्ट्झच्या खाली नॉइजमध्ये ताकदच थोडी असते. त्याच वाटेने ६० हर्ट्झचा ट्रँगल वेव्हचा (मऊ सुराचा) ऑसिलेटर (सिंथमधला सूर काढणारा भाग) मिसळा. रेझोनन्सचं टोक बरोबर त्याच्यावर बसलं की किकला पोट येतं. या सुराची पट्टी गाण्याशी जुळवून घ्या. ६० हर्ट्झ हा ‘बी’ आणि ‘बी फ्लॅट’च्या मधोमध पडतो, म्हणून ५८ किंवा ६२ करा.

भरताना काट्यावर विसंबू नका. व्हीयू मीटरला (आवाजाची पातळी दाखवणाऱ्या काट्याला) वर चढायला साधारण ३०० मिलिसेकंद लागतात, ठोका त्याआधीच संपतो. काटा उणे ६ वर दिसला तरी टेप आवाजाने काठोकाठ भरलेली असते.

आता थर चढवणं. डावा ट्रॅक वाजवत, सोबत नवीन भाग वाजवून दोन्ही मिळून उजव्यावर भरा. मग उजव्यावरून डाव्यावर. खालचा भाग चुकला तर तो थर पहिल्यापासून. दर नकलेत टेपची खरखर वाढते : सारख्याच पातळीने भरत गेलात तर दुसऱ्या पिढीला (पिढी म्हणजे टेपवर भरण्याची एक फेरी) ३ डेसिबल, चौथीला ६. वरची चमकही दरवेळी थोडी जाते. म्हणून जड भाग आधी, लखलखीत भाग नंतर, गाणं सगळ्यात शेवटी. चारच्या वर पिढ्या नेऊ नका. ठेका गढूळ होऊ लागला तर नक्कल करताना १०० हर्ट्झच्या आसपास २ डेसिबल कापा.

हाताने वाजवायची धून छोटी ठेवा, आणि बास थांबतो तिथेच वाजवा. एकेरी सुरांत कॉर्डचा भास तिथूनच होतो.

गायक फिल ओकी गटात आला तेव्हा तो इस्पितळात पोर्टर होता, आणि शब्द त्याने आधीच तयार असलेल्या संगीतावर लिहिले. तुम्हीही गायकाला शेवटच्या थराची नक्कल द्या. आवाज दुहेरी करू नका, प्रतिध्वनी अगदी थोडा. माइक तोंडापासून वीतभर, आणि गाताना बाकीचं संगीत हेडफोनवरच. स्पीकर चालू राहिला तर ठेका माइकमधून दुसऱ्यांदा टेपवर चढतो, किक पोकळ होते आणि ती नंतर सुधारता येत नाही.