पाऊस लागण्याआधी पंपाच्या केबलची ग्लँड बघून घ्या

आंबा उतरला, लाकूडफाटा आत गेला की कोकणात विहिरीवरच्या पंपाकडे कोणी फिरकत नाही. पार दिवाळीनंतर सुपारीला पाणी द्यायची वेळ आली की मग स्टार्टरची पेटी उघडायची. पंप बंद असला तरी मेन स्विच चालू असेल, तर स्टार्टरपर्यंतची केबल पावसाळाभर जिवंतच असते. म्हणून आगोटीच्या कामांत ग्लँड बघायचं हे एक काम घ्याच. ग्लँड म्हणजे केबल पेटीत शिरते तिथे तिला आवळून धरणारा धातूचा जोड.

आर्मर्ड केबल, म्हणजे आत पोलादी तारांचं कवच असलेली केबल, सहसा मधे खराब होत नाही, ती टोकाला खराब होते. वरचं काळं आवरण जिथे सोलून ग्लँडमध्ये घातलेलं असतं, तिथे पोलादी तारा उघड्या पडतात. समुद्राकडच्या खाऱ्या वाऱ्याने त्यांचं जस्त उडतं, मग गंज धरतो. पावसाचं पाणी तारांच्या फटीतून ओघळत थेट पेटीत किंवा मोटारीच्या टर्मिनल बॉक्समध्ये जातं.

दुकानात ग्लँड दोन प्रकारची मिळते. सिंगल कॉम्प्रेशन स्वस्त, पण ती घरातल्या कोरड्या पॅनेलसाठी. उघड्यावर डबल कॉम्प्रेशनच लावा. ती आतलं आवरण आणि बाहेरचं आवरण दोन्हीकडे रबरी रिंगने आवळते, त्यामुळे तारांपर्यंत पाणी पोचत नाही. पितळी, निकेल चढवलेली घ्या आणि वरून पीव्हीसीची टोपी घाला. मापासाठी केबलचा वीतभर तुकडाच दुकानात न्या. सैल ग्लँडला इन्सुलेशन टेप गुंडाळून भागवतात, तो टेप पहिल्याच पावसात सुटतो.

काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, पण समोर उभे राहा. मेन बंद, फ्यूज काढून खिशात, टेस्टरने खात्री, मगच केबलला हात. टोपी आणि मागचा नट केबलवर आधी सरकवलेला हवा. विसरला तर सगळं परत उघडावं लागतं. तारा कापताना हॅक्सॉ ब्लेड अर्ध्या जाडीपर्यंतच चालवायचं, मग एकेक तार वाकवून मोडायची. पूर्ण कापायला गेलं तर आतल्या आवरणावर चीर पडते आणि ती बाहेरून दिसत नाही. नंतर तारा छत्रीच्या काड्यांसारख्या ग्लँडमधल्या शंकूवर सारख्या पसरायच्या. एकही तार दुसरीवर चढलेली नको, आणि तुटकी तर नकोच. वर रिंग बसवून दोन पान्यांनी आवळायचं: एकाने ग्लँड धरायची, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने ओढलं की केबल पिळवटते.

पेटी प्लास्टिकची असेल तर ग्लँड बसवली म्हणजे तारा अर्थ झाल्या असं नाही. अर्थ टॅग, म्हणजे ग्लँडबरोबर बसणारी धातूची चकती, लावून तिथून अर्थिंगची वायर न्यायलाच हवी. मोटारीच्या बॉडीला वेगळी अर्थ वायर आणि लाइनवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन आपोआप तोडणारा स्विच, असावा. ओल्या वाडीत अनवाणी वावरणाऱ्या माणसाचा आणि गुरांचा जीव यावर असतो, इथे काटकसर नको.

केबल पेटीत खालूनच शिरली पाहिजे, आणि शिरण्याआधी तिला एक खोलगट वळण द्या म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल. वापरात नसलेली भोकं बूच लावून बंद करा, नाहीतर मुंग्या आणि पाली आत घर करतात. जमिनीखालची केबल पाऊण मीटर खोल हवी. खाली-वर वाळू घालून जांभ्याचे चिरे ठेवा. वाळू नदीची, किनाऱ्याची खारी नको. वादळात माड उन्मळतात तेव्हा मुळांबरोबर उथळ पुरलेली केबलही उपटून येते. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीच्या किती वाड्या आडव्या केल्या, ते आपण पाहिलं आहे.

जुनी ग्लँड उघडल्यावर पितळ कळकून हिरवं पडलेलं दिसलं किंवा तारांचा तांबडा भुगा निघाला, तर ग्लँड पुसून परत लावू नका. केबल चांगल्या भागापर्यंत मागे कापून नवी बसवा. शेवटी वायरमनला ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरने, केबल तपासायला सांगा. एक मेगओहमपेक्षा कमी दाखवलं तर लाइन जोडू नका. आणि पाऊस दोन-चार दिवस सलग लागला की उघडीप बघून, मेन बंद करून, एकदा पेटी उघडून बघा. आत ओल दिसली तर अजून दुरुस्त करायला वेळ असतो.